राबाची राख आणि चुन्याची गोण

ठाण्याच्या खाडीपट्टीत चुना सगळ्यांच्या ओळखीचा होता, फक्त शेताशी त्याची ओळख नव्हती. म्हाताऱ्यांच्या कनवटीला चुनाळं असायचं. दिवाळीच्या आधी भिंतींना चुना मारायचा, त्यात चिमूटभर नीळ घालायची म्हणजे भिंत उजळ दिसते. विहिरीच्या पाण्याला वास आला की चुन्याचे खडे टाकायचे. सुपारीच्या वाडीवाले मोरचूद आणि चुना एकत्र कालवून फवारायचे. पण भाताच्या खाचरात चुना? आमच्या डोंबिवलीकडच्या आगरी गावात ही गोष्ट कुणाच्या बापजाद्यानं ऐकलेली नव्हती.

चुन्याची टंचाई होती म्हणून तसं होतं, असं नाही. खाडीतले शिंपले, कालवांची टरफलं भट्टीत भाजून चुना करायचा धंदा या किनाऱ्यावर फार जुना. मुंबईतल्या चुनाभट्टीचं नाव अशाच भट्ट्यांवरून पडलं. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेनं घेतलेल्या वसईच्या किल्ल्याच्या भिंतीही चुन्यातच बांधलेल्या. १८५४ मध्ये रेल्वे कल्याणला पोचली, पुढं लोहमार्ग लांबले, आणि थेट कटणीचा दगडी चुना मुंबईच्या बाजारात यायला लागला. चुना होता, भट्ट्या होत्या, होड्या आणि गाड्या होत्या. तरी तो शेतात गेला नाही. बरीच वर्षं मी याला आपल्या माणसांचं अज्ञान समजत होतो. राबाकडं नीट पाहिल्यावर ते मत टिकलं नाही.

ज्यांनी राब पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. भाताचं रोप ज्या तुकड्यात करायचं, तो तुकडा उन्हाळ्यात भाजायचा. खाली शेण-गोवर पसरायचं, त्यावर झाडाचं कवळं, म्हणजे छाटलेल्या फांद्या आणि टहाळ, त्यावर पातेरा, गवत, पेंढा, आणि सगळ्यात वर बारीक मातीचा थर. मग वाऱ्याच्या उलट अंगानं पेटवायचं, म्हणजे आग धावत नाही, सावकाश चालते आणि माती खोलवर भाजते. मार्गशीर्षापासून कवळं तोडायला सुरुवात, चैत्र-वैशाखात भाजणी. डोक्यावरचे भारे बहुतेक बायकांच्याच. पाऊस पडला की त्या राखेत बी टाकायचं. राबाचं रोप काळंभोर हिरवं, जोमदार येतं, आणि तण जवळपास नसतं. तण का नसतं हे सगळ्यांना माहीत होतं: त्याचं बी जळून गेलेलं असतं. रोप काळंभोर का होतं, याचं उत्तर म्हातारी माणसं "राखंचा जोर" एवढंच द्यायची.

तो जोर कशाचा? लाकडाच्या राखेत सगळ्यात मोठा वाटा कॅल्शियमचा असतो, त्याच्या मागून पालाश. म्हणजे राब भाजणारा शेतकरी दरसाल आपल्या रोपाच्या तुकड्याला चुनाच घालत होता. तो झाडांच्या मुळांनी खालच्या थरातून वर ओढलेला, पानात आणि सालीत साठवलेला चुना होता, एवढंच. आपल्याकडं शंभर इंचाच्या घरात पाऊस पडतो. त्या पाण्याबरोबर मातीतला चुना दरवर्षी निचरून जातो आणि माती हळूहळू आंबट होत जाते. ती गोडीवर आणायचं काम राख करत होती. बाजारातून चुना विकत आणायची बुद्धी कुणाला झाली नाही, कारण तो जंगलातून फुकट येत होता.

फुकट हा शब्द सरकारला मात्र मान्य नव्हता. १८७८ चा जंगल कायदा आला, जंगलं राखीव झाली, आणि कवळं तोडणं हा गुन्हा ठरायला लागला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून त्यावर एवढी ओरड झाली की १८८५ मध्ये मुंबई सरकारला जंगल कमिशन नेमावं लागलं. त्याचा अहवाल १८८७ चा. जंगल खात्याचं म्हणणं, राबापायी झाडं बोडकी होतात. ते काही खोटं नव्हतं. ठाणे जिल्ह्यातले ऐनाचे बुंधे छाटून छाटून खांबासारखे झालेले असत. पण शेतकऱ्याचं म्हणणंही खरं होतं, की राब नसला तर रोप नाही आणि रोप नाही तर भात नाही. त्या काळचे मुंबई इलाख्याचे शेतकी अधिकारी ओझॅन यांनी राबाचे मुद्दाम प्रयोग केले. हिंदुस्थानची शेती पाहायला विलायतेहून आलेले डॉ. व्होल्कर यांनीही १८९३ च्या आपल्या अहवालात राबाची दखल घेतली. एक इंग्रज रसायनतज्ज्ञ आमच्या राखेवर पानं लिहितो, आणि इकडं कवळ्याचा भारा घेऊन येणाऱ्या बाईला जंगलातला गार्ड अडवतो, हे दोन्ही एकाच राज्यात, एकाच दशकात चाललं होतं.

आता इथं एक फरक सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. ठाणे जिल्ह्याची भातजमीन एकसारखी नाही. १८८२ चं कॅम्बेलसाहेबांचं ठाणे गॅझेटियर काढलं तरी त्यात गोड्या भाताची जमीन वेगळी आणि खाऱ्या भाताची वेगळी दिसते. मुरबाड, शहापूर, कल्याणचा वरचा भाग ही गोडी. डोंगरउताराची वरकस जमीन तर आणखी हलकी, तिथं नाचणी-वरी. आणि दिवा, कोपर, भोपरच्या अंगानं खाडीला लागून ती खारी. खारीला राब नाही, नांगरटही बहुधा नाही. बांध घालून भरतीचं पाणी अडवायचं, उघाडीतून आतलं पाणी ओहोटीला सोडायचं, पहिल्या पावसांनी मीठ धुऊन निघालं की मोड आलेलं बी चिखलात फेकायचं. त्याला रहू म्हणतात. भात लाल, राता. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रानं निवडून काढलेला काळा राता याच घराण्यातला. या जमिनीचं दुखणं आंबटपणा नव्हे, मीठ. एका मैलाच्या आत दोन माती, दोन आजार. औषध एक असेल कसं?

आमच्या घरात पहिल्यांदा चुना शेतात गेला तो १९८० च्या आसपास, आणि तो नेमका खाऱ्या शेतात गेला. धाकटा काका अंबरनाथच्या एका कारखान्यात पाळीवर जायचा. रेडिओवर शेतीच्या कार्यक्रमात त्यानं ऐकलं की कोकणातल्या लाल मातीला चुना घातला की पीक सुधारतं. ते सांगणं रत्नागिरीकडच्या जांभ्याच्या मातीबद्दल होतं, आणि तिथं ते बरोबरच होतं. काकानं त्यातलं 'कोकण' तेवढं धरलं. त्या काळात गॅसच्या कारखान्यांतून कार्बाईडचा चुना निघायचा, ओला, राखाडी, उग्र वासाचा. अर्ध्या गावाच्या भिंती त्यानंच रंगलेल्या. कवडीमोलानं मिळतो म्हणून काकानं टेम्पो भरून आणला आणि वैशाखात खाचरात ओतला.

आजोबा बांधावर उभे राहून बघत होते. म्हणाले, "भितींचा चुना शेतान टाकतंस, येरा झालास क रं?"

काका म्हणाला, "बाबा, रेडिओवर सांगितलंय."

"रेडूवालं येतील क कापणीला?"

चुना फेकणाऱ्या दोघा गड्यांच्या पायांची कातडी सोलली, कारण तो भिजवलेला जहाल चुना होता आणि ते अनवाणी होते. आजीनं खोबरेल लावलं. भात मात्र होतं तेवढंच आलं. ना वाढलं, ना घटलं. पुढची दोन वर्षं गावात काकाला कुणी पान दिलं तर "चुना कमी टाक, शेताला लागंल" असं म्हणून देत.

असं का झालं ते पुढं कृषी खात्याच्या एका माणसानं काकाला कागदावर काढून दाखवलं. खारी माती आंबट नसतेच. तिचा सामू सातच्या आसपास किंवा त्याच्या वर. चुना आंबट मातीत विरघळतो. गोड किंवा खारट मातीत नुसता पडून राहतो. खाऱ्या जमिनीला पहिलं औषध पावसाचं पाणी आणि धड चालणारी उघाडी. जिथं सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसलेला असतो, तिथं जिप्सम. जिप्सममध्येही चुन्यासारखा कॅल्शियमच असतो, पण तो सामू न वाढवता पाण्यात थोडा थोडा विरघळतो, सोडियमला कणावरून हुसकावतो आणि मग पाऊस त्या सोडियमला धुऊन नेतो. गंमत अशी की असा जिप्सम आमच्या नाकासमोर होता. अंबरनाथला धरमसी मोरारजी केमिकल कंपनीचा कारखाना, कंपनीची स्थापना १९१९ ची, सुपरफॉस्फेट करणाऱ्या देशातल्या अगदी सुरुवातीच्या कारखान्यांपैकी. सिंगल सुपरफॉस्फेटच्या गोणीत जवळजवळ निम्मं वजन जिप्समचंच असतं. काका रोज अंबरनाथला जायचा आणि चुना घेऊन यायचा.

खाऱ्या शेताचं खरं नुकसान चुन्यानं झालं नाही की चुन्याअभावी झालं नाही. बांध गेले. १९४८ चा खारजमिनींचा कायदा झाला, पुढं १९७९ चा नवा कायदा आला, सरकारनं काही बांधांची जबाबदारी घेतली. पण लहानसहान बांध गावकीवर होते. माघात अख्खं गाव चिखल काढून बांधावर घालायचं. ज्याच्या घरचा माणूस आला नाही त्याला दंड. पोरं कारखान्यात आणि रेल्वेत लागली आणि बांधावर यायला माणूस उरला नाही. एकदा खांड पडली की भरती आत शिरते. दोन-तीन वर्षांत तिवरं उगवतात. आमचं शेत असं गेलं.

गोड्या जमिनीची गोष्ट वेगळ्या वाटेनं बिघडली. १९५० नंतर भाताच्या जपानी पद्धतीचा मोठा प्रचार झाला. बोरिवलीच्या कोरा केंद्रात तिचे प्रयोग झाले आणि १९५३ पासून ती देशभर नेली. गादीवाफ्यावर रोप, ओळीत लावणी, कंपोस्ट आणि वर अमोनियम सल्फेट. पद्धत चांगली होती, उत्पन्न वाढलं, यात वाद नाही. पुढं तुर्भ्याचं सुफला आलं, युरिया आला, जया आणि रत्ना ही ठेंगणी भातं आली. राब मागं पडत गेला. कवळं मिळेना, तोडायला माणूस मिळेना, आणि दुकानात गोण मिळत होती. पण या अदलाबदलीचा एक हिशोब शेतकऱ्याला कुणी सांगितला नाही. अमोनियम सल्फेट माती आंबट करतं. शंभर किलो सल्फेटनं जो आंबटपणा येतो तो मारायला सुमारे एकशे दहा किलो चुनखडी लागते. युरियाही माती आंबट करतो, सल्फेटपेक्षा कमी. राबाची राख माती गोडीवर आणत होती. ती थांबली, आणि तिच्या जागी आंबट करणारं खत आलं. एका हातानं देणं बंद, दुसऱ्या हातानं काढणं सुरू.

मग भात कसं येत राहिलं? याचं उत्तर मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत आवडतं. खाचरात पाणी बांधून ठेवलं की माती आपोआप बदलते. हवा संपते, मातीतलं लोखंड रूप पालटतं, आणि आंबट मातीचा सामू काही आठवड्यांत सातच्या जवळ सरकतो. भात वाढतं तेव्हा शेताचा आंबटपणा झाकलेला असतो. पाणी उतरलं, माती वाळली की तो पुन्हा उघडा पडतो. म्हणून भातवाल्याला वर्षानुवर्षं काही जाणवत नाही. जाणवतं ते भातामागच्या पिकाला. वाल, हरभरा, मूग यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू आंबट मातीत नीट काम करत नाहीत. मुरबाडकडचा कडवा वाल पूर्वीसारखा येत नाही असं लोक म्हणतात, तेव्हा दव कमी झालं, बी बिघडलं, असं बरंच काही सांगतात. माझ्या मते काही शेतांत तरी कारण मातीतच आहे. भेंडी, काकडी लावणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवलेलं बरं.

१९ फेब्रुवारी २०१५ ला मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली. मातीच्या बारा गोष्टी त्या कागदावर येतात, त्यात सामू असतो. ज्या चुन्याचा पिढ्यानपिढ्या कुणी विचार केला नाही, तो कागदावर येऊन उभा राहिला. त्याच वर्षी आमच्याकडची सत्तावीस गावं पुन्हा कल्याण-डोंबिवली महापालिकेत गेली. २००२ मध्ये ती बाहेर पडली होती. तोवर शिळफाट्याच्या रस्त्यालगतच्या कितीतरी खाचरांत चुना पडून झाला होता, पण तो फक्कीचा. प्लॉट पाडताना आखणीवाले पांढऱ्या फक्कीनं रेघा मारतात ना, तो. या भागातल्या पुष्कळ शेतांना आयुष्यात मिळालेला एवढाच चुना.

ज्यांची शेतं राहिली आहेत त्यांना आता चुना विकत घ्यावा लागतो, आणि तिथं 'चुना लावणं' या शब्दाचा दुसरा अर्थ लगेच समोर येतो. दुकानात चुना मागितला की आधी रंगकामाचा पुढं करतात. पोल्ट्रीवाले आणि कोळंबीच्या तळ्यांवाले घेतात तो निराळा. शेतीसाठी साधी दळलेली चुनखडी सगळ्यात बरी. कळीचा चुना तिच्यापेक्षा जोरदार. शंभर किलो चुनखडीचं काम छप्पन्न किलो कळी करते, भिजवलेला चुना चौऱ्याहत्तर किलो. पण कळी अंगावर उडाली की भाजते, डोळ्यात गेली तर विचारू नका, आणि मातीत ती एकदम चढते. चुनखडी हळू चालते, म्हणून चुकली तरी सावरता येते. ती मैद्यासारखी बारीक हवी. खडीसारखी जाड असेल तर वर्षानुवर्षं तशीच पडून राहते आणि पैसे मात्र पहिल्या दिवशी जातात.

दुसरी गोष्ट, चुना आणि खत एका दिवशी नको. युरिया किंवा सल्फेट चुन्याबरोबर पडलं तर त्यातलं नत्र अमोनिया होऊन उडून जातं, नाकालाच कळतं. मे महिन्यात चुना टाकून नांगरानं वीतभर खोल मिसळायचा आणि महिनाभर तरी सोडायचा. मातीची चाचणी झाल्याशिवाय घालायचा नाही, आणि शेणखत न घालता नुसता चुना घालत राहायचं नाही. इंग्लंडात शेतकरी शतकानुशतकं चुना घालत आले. त्यांच्यात एक म्हणणं आहे की चुन्यानं बापाचं घर भरतं आणि पोराचं रिकामं होतं. कारण चुन्यानं मातीतला कुजका अंश भराभर कुजतो, पहिली काही वर्षं पीक जोरात येतं, मग माती ओकीबोकी. आपल्या राबातही हा दोष होताच, शेण-पातेरा जाळून टाकत होतो. पण राब रोपापुरता, चार-सहा गुंठ्यांचा. बाकीच्या शेताला पालापाचोळा आणि शेणखत मिळत होतं.

काकाच्या टेम्पोतला थोडा चुना त्या वर्षी उरला होता, तो त्याच्या कंपनीतल्या जोडीदारानं मुरबाडला नेला होता. कुणबी माणूस, हिशेबी. त्यानं तो वालाच्या तुकड्यात टाकला आणि वाल बरा आला असं तो सांगायचा. वजन कुणी केलं नव्हतं, तेव्हा त्याला फार महत्त्व देऊ नये. पण त्याचा मुलगा शेती करतो आणि आमचं येणंजाणं आहे. त्याच्या तीस गुंठ्यांच्या तुकड्याचा सामू पाच पूर्णांक सहा आला. गेल्या मे महिन्यात तो कल्याणला आला, मला बरोबर घेतलं आणि आम्ही तीन दुकानं फिरलो. पहिल्यानं रंगाचा चुना दाखवला. दुसऱ्याकडं 'शेतीचा चुना' छापलेली गोण होती, पण आत किती टक्के चुनखडी हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. पोरानं खिशातून लिंबू काढलं, चिमूटभर भुकटीवर पिळलं. चुनखडी असली तर बुडबुडे येतात. आले नाहीत.

दुकानदार म्हणाला, "दादा, माल एक नंबर आहे."

"असेल हो," पोरगा म्हणाला, "पण हा शंखजिरा वाटतोय. पावडर लावायला बरा."

तिसऱ्याकडं लिंबू फसफसलं. पन्नास किलोच्या चार गोण्या घेतल्या, दहा गुंठ्यांना वीस किलो गुंठ्याप्रमाणं. उरलेले वीस गुंठे त्यानं मुद्दाम कोरे ठेवले, फरक पडतो का ते बघायला. भात दोन्हीकडं सारखं आलं, ते अपेक्षितच होतं. आता तिथं वाल आहे. खळ्यावर दोन ढीग वेगळे घालायचे असं त्यानं बायकोला बजावलंय, वहीही केली आहे. मध्यंतरी आमची पोरं पोपटी लावायला तिकडं गेली होती आणि पोतंभर शेंगा तोडून आली. त्या कुठल्या तुकड्यातल्या होत्या, ते मात्र वहीत नाही.